घरचा माणूस आणि महिन्याचा हिशोब

रमजानच्या महिन्यात संध्याकाळ झाली की महागावच्या बाजारात खजूर, कलिंगड आणि भज्यांच्या गाड्यांभोवती गर्दी होते. त्याच वेळी दवाखान्यांतही गर्दी असते. फुलसावंगी, मुडाणा, गुंज, हिवरा संगम या गावांतून आलेल्या पेशंटला शेवटची गाडी पकडायची असते. डॉक्टर आत तपासत असतात. बाहेर नंबर लावणारा मुलगा लोकांना शांत करत असतो, सिस्टर सलाईन लावत असते, कंपाउंडर पट्टी बदलत असतो आणि मावशी तिसऱ्यांदा फरशी पुसत असते. यांतल्या कुणाचा रोजा असतो, कुणाचा सोमवारचा उपवास. मगरिबची अजान झाली की रोजेदार एक खजूर तोंडात टाकतो, दोन घोट पाणी पितो आणि परत पुढचा नंबर पुकारतो.

दवाखाना चालतो तो या चार-पाच माणसांवर. डॉक्टरही ते मान्य करतात. कुणी ओळख विचारली तर ‘हा आपल्या घरचाच माणूस’ असे कौतुकाने सांगतात. दिवाळीला साडी-मिठाई देतात, ईदला ईदी देतात, पोरीच्या लग्नात आहेरही करतात. पण त्याच माणसाचे महिन्याचे तास किती भरले, जादा वेळ किती झाला, सुट्या किती राहिल्या, असे विचारले तर उत्तर तोंडीच असते. वही नसते. घरच्या माणसाशी कसला हिशोब, अशी समजूत दोन्ही बाजूंनी असते. ती समजूत बहुतेक वेळा नोकराच्या अंगावर येते, आणि एखाद्या वेळी डॉक्टरांच्याही.

रमजानचा महिना स्वतःचा हिशोब तपासण्याचा मानला जातो. इस्लामी परंपरेत दोन प्रकारचे हक्क सांगितले आहेत. एक अल्लाहचा, दुसरा माणसांचा. माणसांच्या हक्काला ‘हुकूकुल इबाद’ म्हणतात. रोजा-नमाजात राहिलेली उणीव अल्लाह माफ करू शकतो, पण माणसाचा बुडवलेला हक्क त्या माणसाने माफ केल्याशिवाय सुटत नाही, असे उलेमा सांगत आले आहेत. नोकराची मजुरी या दुसऱ्या हक्कात येते. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण इब्ने माजा यांच्या हदीससंग्रहात आली आहे. आपल्याकडेही ‘घामाचे दाम’ हाच शब्द आहे.

पाडव्याचा सालदार, दवाखान्याचा महिनदार

विदर्भ-मराठवाड्याच्या या पट्ट्यात हिशोबाची जुनी रीत आहे. गुढीपाडव्याला सालदार ठरतो. वर्षाचे पैसे किती, धान्य किती, कपडे किती, उचल किती, हे चार माणसांसमोर बोलून घेतले जाते. त्या रीतीत सालदाराचे हाल कमी नव्हते. उचलीपायी तो एकाच वाड्याला बांधला जाई. तरी एक गोष्ट तिच्यात होती. काय द्यायचे ते आधी ठरत असे आणि साक्षीदार असत.

दवाखान्यात नोकरी लागताना बऱ्याचदा तेवढेही होत नाही. ‘ये उद्यापासून, बघू’ एवढ्यावर मुलगी कामाला लागते. महिन्याचा आकडा सांगितला जातो. तास, साप्ताहिक सुटी, रात्री बोलावले तर काय, आजारी पडली तर काय, याचा विषय निघत नाही. विषय काढणारी मुलगी ‘फारच हिशोबी’ ठरते.

महाराष्ट्रात या प्रश्नांना तोंड फोडायला फार मागे जावे लागते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. त्यांत रविवारची सुटी होती, दुपारी अर्धा तास विश्रांती होती आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा हेही होते. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक केंद्रीय विधिमंडळात आणले. त्याचा कायदा १९४८ मध्ये झाला. जिथे कामगारांची संघटना नाही, मालक-नोकर चार भिंतींत समोरासमोर आहेत आणि नोकराची बाजू दुबळी आहे, अशा कामांसाठीच मुख्यतः तो कायदा होता. तालुक्याच्या गावचा दवाखाना अगदी तसाच आहे.

कायदा दवाखान्याच्या दारात कुठवर येतो?

यावर न्यायालयांतही बराच खल झाला आहे. अहमदाबादच्या डॉ. देवेंद्र सुरती यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये निकाल दिला की, डॉक्टरचा खासगी दवाखाना ही १९४८ च्या मुंबई दुकाने कायद्याच्या अर्थाने व्यापारी संस्था नव्हे. दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या गाजलेल्या खटल्यात याच न्यायालयाने ‘उद्योग’ या शब्दाचा अर्थ खूप मोठा केला. रुग्णालये त्यात आली. पण एखाददुसरा मदतनीस ठेवून व्यवसाय करणाऱ्या खेड्यातल्या डॉक्टरला उद्योग म्हणता येणार नाही, असे न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात नमूद केले.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने मात्र व्याख्येतच डॉक्टरचा दवाखाना, क्लिनिक, प्रसूतिगृह, रुग्णालय हे शब्द घातले. दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आठवड्याची सुटी, जादा कामाला दुप्पट दर, वर्षाला ८ किरकोळ रजा, हे सगळे त्यात आले. पण हा कायदा दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होता. त्याहून लहान ठिकाणांनी फक्त व्यवसायाची सूचना द्यायची. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही संख्या दहावरून वीस करण्याचा आणि कामाचे तास वाढवण्याचा निर्णय घेतला. म्हणजे चार माणसांचा दवाखाना या कायद्यापासून आणखी लांब गेला.

इथेच अनेकांची चूक होते. दुकाने कायदा लागू नाही म्हणजे काहीच लागू नाही, असे धरले जाते. तसे नाही. किमान वेतनाला माणसांच्या संख्येची अट नाही. राज्याच्या किमान वेतनाच्या अनुसूचीत रुग्णालये आणि डॉक्टरांचे दवाखाने आधीपासून आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतल्या वेतन संहितेने किमान वेतन सर्वच नोकऱ्यांना लावले आहे. या संहितेतल्या चार गोष्टी लहान दवाखान्याने ध्यानात ठेवाव्यात अशा आहेत. पहिली, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा. दुसरी, नेहमीच्या तासांपेक्षा जास्त कामाला किमान दुप्पट दर द्यायचा. तिसरी, नोकरी सुटली किंवा सोडली तर दोन कामाच्या दिवसांत पूर्ण हिशोब करायचा. चौथी, हजेरी-पगाराची नोंदवही ठेवायची आणि पगाराची चिठ्ठी द्यायची.

पगार कमी मिळाल्याचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. त्या वेळी पगार पूर्ण दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. दहा वर्षे प्रामाणिकपणे पगार देणाऱ्या डॉक्टरकडे वही नसेल तर त्यांच्या प्रामाणिकपणाला पुरावा राहत नाही. वही दोघांचेही रक्षण करते. कुराणातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहायचे, साक्षीदार ठेवायचे, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करायचा नाही, असा तिचा आशय आहे. ज्याची मजुरी द्यायची राहिली, त्याचे आपण देणेच लागतो.

एका सिस्टरचा हिशोब

आता आकडे मांडून पाहू. हिशोब सोपा जावा म्हणून महिन्याचा पगार १३,००० रुपये धरू. हा सरकारी दर नव्हे. खरा दर परिमंडळ आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गानुसार ठरतो आणि त्यातला विशेष भत्ता साधारणपणे जानेवारी आणि जुलैपासून बदलतो. यवतमाळच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात तो विचारता येतो.

महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले तर १३,००० रुपयांचा रोज ५०० रुपये पडतो. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ६२ रुपये ५० पैसे. जादा कामाचा दर दुप्पट, म्हणजे तासाला १२५ रुपये.

दवाखाना सकाळी साडेनऊ ते दोन आणि संध्याकाळी पाच ते साडेनऊ चालतो असे समजा. रोजचे ९ तास झाले. सहा दिवसांचे ५४. आठवड्याच्या ४८ तासांपेक्षा ६ तास जास्त. सहा तासांचे १२५ रुपयांप्रमाणे ७५० रुपये. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर ३९,००० रुपये होतात. हे बरोबर तीन महिन्यांचे पगार झाले. कुणी कुणाला फसवायचे म्हणून फसवले नाही. तरी रोजच्या एका तासातून वर्षाला तीन पगार न मोजता निघून गेले.

यात दुपारचा वेळ धरलेला नाही. महागावात घर असलेली सिस्टर दोन वाजता घरी जाऊन येते. फुलसावंगीहून येणारी मुलगी तीन तासांसाठी घरी जाऊ शकत नाही. ती दवाखान्यातच बाकावर बसून राहते. या वेळात तिला खरोखर मोकळीक असेल तर तो विश्रांतीचा वेळ. पण फोन घे, सलाईनवरच्या पेशंटकडे बघ, कुणी आले तर बसव, असे सांगितलेले असेल तर तो कामाचाच वेळ समजायला हवा. सकाळी साडेनऊला आलेली मुलगी रात्री साडेनऊला सुटते, म्हणजे तिचे बारा तास दवाखान्यात जातात. दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी २०१७ च्या कायद्याने हा विस्तार साधारणपणे साडेदहा तासांवर थांबवला होता. लहान दवाखान्यातल्या मुलीची पाठ काही वेगळी नसते.

रात्रीचे बोलावणेही असेच मोजले जात नाही. प्रसूतीचा पेशंट आला, अपघाताची केस आली की सिस्टरला फोन जातो. ती येते, कारण प्रसंगच तसा असतो. ती आली कधी, गेली कधी, हे वहीत दोन ओळींत लिहिले तर महिनाअखेरी वाद उरत नाही. रात्री घरी सोडायला गाडी कोण देणार, हेही आधीच ठरलेले बरे.

डॉक्टरांची बाजू

या हिशोबाची दुसरी बाजूही आहे. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांचे उत्पन्न बारमाही सारखे नसते. पावसाळ्यात ताप, डेंग्यू, जुलाबाच्या साथीने ओपीडी भरून वाहते. उन्हाळ्यात ती ओसरते. पेशंट शेतकरी असतो. सोयाबीन-कापसाचा पैसा हातात आला की तो देतो, तोवर उधारी चालते. कापसाला भाव नसला की दवाखान्याची उधारीही बुडते. सोनोग्राफी, एक्स-रे, इमारत यांचे हप्ते मात्र दरमहा जातात. ‘दुप्पट दर देऊ कुठून?’ हा डॉक्टरांचा प्रश्न खोटा नाही.

त्याचे उत्तर बहुतेक वेळा वेळापत्रकात सापडते. जादा तासाला दुप्पट पैसे लागतात हे कळले की जादा तास किती कमी करता येतील, हे डोक्यात येऊ लागते. चार माणसांना एकाच वेळी सकाळ-संध्याकाळ बोलावण्याऐवजी दोघांनी साडेनऊला यावे, दोघांनी अकराला. सकाळचा माणूस संध्याकाळी लवकर सुटेल, उशिरा आलेला शेवटपर्यंत थांबेल. बाजाराच्या दिवशी सगळे, इतर दिवशी आळीपाळीने. पावसाळ्याच्या तीन महिन्यांसाठी एक माणूस जादा ठेवला तर त्याचा साधा पगार जुन्या माणसांच्या दुप्पट दराच्या तासांपेक्षा बहुधा स्वस्त पडतो. आणि थकलेल्या हातून इंजेक्शनची चूक होण्याचा धोकाही कमी होतो. तो धोका वहीत मांडता येत नाही, पण प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असतो.

दुसरा उपाय म्हणजे पगाराचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवणे. रोजच्या गल्ल्यातून ठरलेली रक्कम त्या खात्यात गेली की सात तारखेला उधारीच्या वसुलीकडे डोळे लावावे लागत नाहीत. पेशंटने डॉक्टरचे पैसे थकवले म्हणून डॉक्टरने मावशीचे थकवावेत, हा न्याय होत नाही. मावशीच्या हातात त्या उधारीचे काहीच नसते.

पगारापलीकडचे

पगाराखेरीज मिळणाऱ्या गोष्टींना कायदा संख्येची अट लावतो. राज्य विमा योजना दहा माणसांपासून, त्यात मालकाचे ३.२५ टक्के आणि नोकराचे ०.७५ टक्के. भविष्य निर्वाह निधी वीस माणसांपासून, दोघांचे १२-१२ टक्के. बोनसही वीसपासून, किमान ८.३३ टक्के. ग्रॅच्युइटी दहापासून, साधारणपणे पाच वर्षांच्या नोकरीनंतर, दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. ठराविक मुदतीच्या नोकरीत आता एका वर्षानंतरही ती मिळते.

चार-पाच माणसांच्या दवाखान्याला यांतले काही सक्तीचे नाही. पण मनाई तर कशाचीच नाही. मालक आणि नोकरांची संमती असेल तर भविष्य निर्वाह निधीत स्वेच्छेने जाता येते. तेही नको असेल तर साधा हिशोब आहे. १३,००० पगारावर ग्रॅच्युइटीइतकी रक्कम बाजूला टाकायची तर वर्षाला ७,५०० रुपये, महिन्याला ६२५ रुपये लागतात. पोस्टात त्या माणसाच्या नावाने आवर्ती ठेव उघडली तर पाच-दहा वर्षांनी नोकरी सोडताना त्याच्या हातात काही पडते. एरवी पंधरा वर्षे दवाखाना सांभाळलेला कंपाउंडर एक शाल आणि नारळ घेऊन घरी जातो.

याहून स्वस्त गोष्टीही आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला २ लाखांचे संरक्षण आहे. जीवन ज्योती विम्याचा हप्ता ४३६ रुपये, संरक्षण तेवढेच. दोन्ही मिळून माणशी ४५६ रुपये. चार माणसांचे १,८२४ रुपये वर्षाला. महिना १५,००० पर्यंत कमाई असलेल्या १८ ते ४० वयाच्या, भविष्य निर्वाह निधीत नसलेल्या कामगाराला श्रमयोगी मानधन योजना आहे. वयानुसार ५५ ते २०० रुपये महिन्याला भरायचे, सरकार तेवढेच भरते आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये पेन्शन मिळते. हे हप्ते डॉक्टरांनी भरले तर दवाखान्याच्या खर्चात ते दिसणारही नाहीत.

पगाराच्या चिठ्ठीचेही तसेच. बँकेत कर्ज मागायला गेलेल्या नोकराकडे उत्पन्नाचा कागद मागतात. रोखीने, चिठ्ठीविना पगार घेणारा माणूस तिथे बेकार ठरतो आणि सावकाराच्या दारात जातो. पगार खात्यावर आणि चिठ्ठी हातात, याला डॉक्टरांचा एक पैसाही जादा लागत नाही.

सिस्टरचे बाळंतपण

सर्वांत अवघड प्रश्न बाळंतपणाचा. दवाखान्यात काम करणाऱ्यांत मुली जास्त. त्यांची लग्ने होतात, त्या गरोदर राहतात. दहा किंवा अधिक माणसे असतील तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा कायद्याने मिळते. दहाच्या आत काही नाही. बाळंतिणींची सेवा करणाऱ्या सिस्टरला स्वतःच्या बाळंतपणात नोकरी सोडावी लागते, हे लहान दवाखान्यांतले नेहमीचे चित्र आहे.

पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत ५,००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. ही मदत आहे, पगार नव्हे. चार माणसांच्या दवाखान्याला सहा महिन्यांचा दुहेरी पगार जड जाईल हे खरे. पण पगारी २६ आठवडे किंवा थेट नोकरीवरून कमी, या दोन टोकांच्या मध्ये बरेच काही बसते. तीन महिने अर्धा पगार, पुढचे तीन महिने बिनपगारी पण जागा राखून ठेवलेली, परत आल्यावर काही दिवस फक्त सकाळचे काम. हे आधी लिहून दिले तर मुलगी निर्धास्त राहते. डॉक्टरांनाही हाताखाली तयार झालेली सिस्टर गमवावी लागत नाही. नव्या मुलीला शीर सापडायला शिकवण्यात किती महिने जातात, हे त्यांना वेगळे सांगायला नको.

रोजा, सण आणि सुटी

रमजानमध्ये कामाचे तास कमी करण्याची तरतूद आखाती देशांच्या कायद्यांत आहे. संयुक्त अरब अमिरातीत खासगी नोकरीतही रोजचे दोन तास कमी होतात. सौदी अरेबियात मुस्लिम कामगारांसाठी दिवसाला सहा तासांची मर्यादा आहे. आपल्याकडच्या खासगी दवाखान्याला असा नियम नाही, आणि साऱ्या दवाखान्याची वेळ बदलण्याची गरजही नाही. रोजेदाराला लागते ती इफ्तारची पंधरा-वीस मिनिटे आणि जमल्यास तरावीहच्या नमाजसाठी थोडे लवकर सुटणे. त्या वेळेला हिंदू किंवा बौद्ध सहकारी काउंटर सांभाळतो. होळीला, पाडव्याला, १४ एप्रिलला मुस्लिम सहकारी त्याच्या जागी उभा राहतो. गावोगावच्या दवाखान्यांत ही देवाणघेवाण कुणी न सांगता चालते. मात्र ती डॉक्टरांच्या नजरेत आणि वहीत यायला हवी. नाहीतर एकाच माणसावर नेहमी भार पडतो आणि तो बोलत नाही.

२०१७ च्या कायद्यातली सणांच्या सुट्यांची तरतूद लहान दवाखान्यालाही घेता येण्यासारखी आहे. वर्षाला आठ पगारी सुट्या. त्यांतल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. दवाखाना सणाला बंद ठेवता येत नसेल तर त्या दिवशी येणाऱ्याला दुप्पट पैसे आणि बदली सुटी. कुणाला ईद, कुणाला दिवाळी, कुणाला आंबेडकर जयंती, कुणाला पोळा. एका कागदावर चार माणसांच्या सह्या घेतल्या की वर्षभराचा प्रश्न मिटतो.

जकात वेगळी, मजुरी वेगळी

रमजानमध्ये सधन मुस्लिम जकात काढतात. निसाबच्या वर शिल्लक असलेल्या संपत्तीचा अडीच टक्के भाग गरजूंना द्यायचा असतो. ईदच्या नमाजआधी फितरा दिला जातो. हात मोकळे असण्याचा हा महिना आहे. इथे एक गल्लत होते. घरच्या किंवा दुकानाच्या नोकराला जकातीतून रक्कम दिली जाते आणि जादा कामाचे, थकलेल्या पगाराचे पैसे त्यातच फिटले असे मनात धरले जाते. धर्मशास्त्र याला मान्यता देत नाही. जकात कामाच्या मोबदल्यात देता येत नाही. नोकर गरीब असेल तर त्याला जकात जरूर द्यावी, पण आधी त्याची मजुरी पूर्ण चुकती करून. मजुरी हे त्याचे येणे आहे. येणे दानाच्या खात्यात मांडले तर मजुरीही फिटत नाही आणि दानही होत नाही.

दिवाळीच्या पोस्ताला, साडीला, फराळाच्या डब्यालाही हाच हिशोब लागू आहे. डबा प्रेमाने द्यावा. त्यात सहा महिन्यांचे जादा तास बसत नाहीत.

उचलीचेही तसेच आहे. सणाच्या तोंडावर नोकर संकोचत उचल मागतो. यंदा गुढीपाडवा १९ मार्चला आहे आणि चंद्रदर्शनानुसार रमजान ईदही त्याच्या एक-दोन दिवस पुढेच येते. त्या आठवड्यात मार्चचे जवळजवळ वीस दिवस भरलेले असतात. म्हणजे महिन्याच्या अर्ध्याहून जास्त पगार त्या माणसाने कमावलेला असतो. तो मागतो ती बरीचशी त्याच्याच कामाची रक्कम असते. ती उपकार म्हणून न देता, अर्धा पगार सणाआधी आणि उरलेला सात तारखेच्या आत, असे डॉक्टरांनी स्वतःहून जाहीर केले तर चार माणसांचा संकोच वाचतो. त्याहून मोठी उचल दिली तर फेडीचा हप्ता लिहून द्यावा. पगारातून होणारी एकूण कपात निम्म्याच्या वर जाता कामा नये, असे वेतन संहिताही सांगते.

पाडव्याला सालदार ठरवण्याची रीत या भागात अजून पुसलेली नाही. यंदा पाडवा आणि ईद हातात हात घालून येत आहेत. दवाखान्याच्या चार माणसांना एका संध्याकाळी, पेशंट संपल्यावर, खुर्चीवर बसवून चहा पाजावा आणि एक शंभर पानी वही उघडावी. पहिल्या पानावर प्रत्येकाचे नाव, पगार, कामाचे तास, सुटीचा वार, जादा तासाचा दर आणि पगाराची तारीख. खाली डॉक्टरांची सही, बाजूला त्याची किंवा तिची. अंगठा असेल तर अंगठा. अर्ध्या तासाचे काम आहे. तो अर्धा तासही कामाच्या वेळेत धरावा.